घरातला स्ट्रीमिंग बॉक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीच्या मागे खोचायची छोटी स्टिक असो वा टेबलावर ठेवायचा बॉक्स, तक्रारी साधारण त्याच असतात. चित्र अडकतं, ४के दिसत नाही, आवाज गायब होतो, रिमोट दाद देत नाही. यातल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ बॉक्समध्ये नसतंच. ते अपुऱ्या विजेत, वायफायमध्ये किंवा टीव्हीच्या एखाद्या बंद राहिलेल्या सेटिंगमध्ये सापडतं. म्हणून नवा बॉक्स मागवण्याआधी खालचं वाचून, एकेक गोष्ट तपासून पाहा. मेनूंची नावं कंपनीप्रमाणे आणि आवृत्तीप्रमाणे थोडी बदलतात, पण शोधायचं काय ते सगळीकडे तेच आहे.

टीव्ही स्मार्ट असताना वेगळा बॉक्स कशाला?

टीव्हीतली ॲप्स नीट चालत असतील तर नकोच. पण टीव्हीचं पॅनल चांगलं दहा वर्षं टिकतं आणि त्यातलं सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी आधी म्हातारं होतं. कंपनी अपडेट देणं थांबवते, मग एकेक ॲप उघडायला वेळ घेतं आणि शेवटी चालेनासं होतं. अशा वेळी पूर्ण टीव्ही बदलण्याऐवजी बॉक्स लावणं शहाणपणाचं.

बॉक्स घ्यावा की स्टिक?

भिंतीवर टीव्ही आहे, वायफाय चांगलं आहे आणि फक्त ॲप्स बघायची आहेत, तर स्टिक पुरते. लॅन केबल लावायची असेल, पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडायची असेल किंवा दिवसाचे बरेच तास टीव्ही चालू राहत असेल, तर बॉक्स घ्या. बॉक्सला हवा खेळायला जागा असते. स्टिक टीव्हीच्या गरम पाठीला चिकटून राहते आणि तापली की स्वतःचा वेग कमी करते. रॅम २ जीबीपेक्षा कमी असलेलं काही घेऊ नका. स्टोरेज ८ जीबी लिहिलेलं असलं तरी जवळपास निम्मी जागा सिस्टीमच खाते, हेही लक्षात ठेवा.

पहिल्यांदा जोडताना क्रम काय ठेवावा?

आधी बॉक्स टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला जोडा आणि पोर्टचा क्रमांक बघून ठेवा. मग बॉक्सचा स्वतःचा अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. टीव्हीच्या रिमोटवरून सोर्स किंवा इनपुट दाबून तोच क्रमांक निवडा. रिमोटमध्ये सेल घातले की पेअरिंग बहुतेक वेळा आपोआप होतं. त्यानंतर भाषा, वायफाय आणि खातं. पहिल्याच दिवशी अपडेट डाउनलोड होतं, त्याला १५–२० मिनिटं लागू शकतात. तेवढ्या वेळात वीज काढू नका.

पासवर्ड रिमोटने एकेक अक्षर निवडून टाकण्याची गरज नसते. बहुतेक ॲप्स स्क्रीनवर क्यूआर कोड किंवा लहानसा कोड दाखवतात. फोनवर तो टाकला की टीव्हीवर लॉगिन होतं.

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून दिली तर चालेल का?

सुरू होईल, पण चालेलच असं नाही. यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार ०.५ ॲम्पियर देतो, म्हणजे २.५ वॅट. यूएसबी ३.० पोर्ट ०.९ ॲम्पियर देतो. स्टिकसोबत येणारा अडॅप्टर मात्र साधारण ५ व्होल्ट, १ ॲम्पियर किंवा त्याहून मोठा असतो. मुख्य पान दाखवायला कमी वीज पुरते. ४के व्हिडिओ सुरू झाला, वायफाय जोरात काम करू लागलं की गरज वाढते, व्होल्टेज पडतं आणि स्टिक रीस्टार्ट होते. ‘सिनेमा मध्येच बंद पडून कंपनीचा लोगो येतो’ ही तक्रार असेल तर सगळ्यात आधी अडॅप्टर बघा.

शिवाय टीव्ही बंद केला की त्याचा यूएसबी पोर्टही बऱ्याचदा बंद होतो. त्यामुळे दर वेळी स्टिक शून्यापासून सुरू होते आणि रात्री होणारे अपडेट राहून जातात. फोनचा जुना चार्जर वापरत असाल तर त्यावरचा आकडा वाचा. केबलही महत्त्वाची आहे. फार लांब आणि बारीक यूएसबी केबलमध्ये वाटेतच व्होल्टेज गळतं आणि चांगला अडॅप्टर लावूनही लक्षणं तीच राहतात.

एचडीएमआय केबल महागडी हवी का?

नको. योग्य हवी. ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेम्सने पाठवायला १८ जीबीपीएसची केबल लागते. तिच्यावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं लिहिलेलं असतं. ४८ जीबीपीएसची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबल गेमिंग कन्सोलसाठी उपयोगाची आहे. स्ट्रीमिंगला तिची गरज नाही. चित्रात पांढरे ठिपके चमकणं किंवा क्षणभर स्क्रीन काळी होणं ही केबल अपुरी पडत असल्याची खूण. ५ मीटरच्या पुढे साधी तांब्याची केबल ४केला दगा देऊ शकते. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय केबल लागते. तिची दोन टोकं वेगवेगळी असतात, एक बॉक्सकडे आणि एक टीव्हीकडे. उलटी लावली तर काहीच दिसत नाही आणि लोक केबल खराब समजून परत करतात.

टीव्ही ४के, बॉक्स ४के, सबस्क्रिप्शनही ४केचं. तरी ४के किंवा एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारं चित्र) का मिळत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याला एकच एक उत्तर नाही. वाटेत चार-पाच दरवाजे आहेत. एक बंद असला तरी चित्र १०८० ओळींवर येऊन थांबतं.

पहिला दरवाजा टीव्हीतला. अनेक टीव्हींवर एचडीएमआय पोर्ट सुरुवातीला साध्या मोडमध्ये असतो आणि पूर्ण क्षमता हाताने चालू करावी लागते. सॅमसंगच्या टीव्हीत ‘इनपुट सिग्नल प्लस’ किंवा जुन्या मॉडेलमध्ये ‘एचडीएमआय यूएचडी कलर’, एलजीत ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’मधलं ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ शोधा. हे सेटिंग प्रत्येक पोर्टसाठी वेगळं असतं. पोर्ट १ वर चालू केलं आणि बॉक्स पोर्ट २ मध्ये असेल तर उपयोग नाही. टीव्हीचे सगळे पोर्ट सारखे असतात असंही नाही. काही जुन्या ४के टीव्हींत एक किंवा दोनच पोर्ट ४के ६० हर्ट्झ घेतात.

दुसरा दरवाजा एचडीसीपीचा, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलुपाचा. ४के स्ट्रीमिंगला एचडीसीपी २.२ लागतं आणि ते वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला यायला हवं. मध्ये जुना साउंडबार, ॲम्प्लिफायर किंवा स्प्लिटर असेल तर तोच अडवतो. तपासायला सोपं आहे. बॉक्स थेट टीव्हीला जोडा. ४के आलं तर दोष मधल्या उपकरणात.

तिसरा, सेवेची परवानगी. ॲपने तुमच्या बॉक्सला ४केसाठी मान्यता दिलेली असावी लागते. चौथा, त्या सिनेमाची ४के प्रत असणं. ती नसेल तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. आणि शेवटी, ॲपच्या किंवा खात्याच्या सेटिंगमध्ये कधीतरी डेटा वाचवण्यासाठी गुणवत्ता कमी करून ठेवलेली असते आणि कुणाला आठवत नाही. तीही बघून घ्या.

अनोळखी अँड्रॉइड बॉक्सवर ‘४के’ लिहिलंय, पण सिनेमा धूसर का?

वाइडवाइनमुळे. अँड्रॉइडवर सशुल्क व्हिडिओचं कुलूप उघडण्याची ही पद्धत आहे आणि तिच्या पातळ्या आहेत. एल१ म्हणजे कुलूप हार्डवेअरच्या सुरक्षित भागात उघडतं. एल३ म्हणजे ते फक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. एल३ असलेल्या बॉक्सला बहुतेक सेवा साधारण ४८० ओळींचंच चित्र देतात. त्या बॉक्सवर यूट्यूबचा ४के व्हिडिओ झकास दिसतो, कारण त्याला हे कुलूप नसतं, आणि मग माणूस गोंधळतो. ‘डीआरएम इन्फो’ हे ॲप टाकून पातळी बघता येते. एल३ दिसलं तर कुठलंही सेटिंग बदलून ती वाढत नाही.

इंटरनेटचा वेग किती हवा? डेटा किती जातो?

नेटफ्लिक्स ७२० साठी ३, १०८० साठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस सुचवते. इतर सेवांचे आकडेही साधारण याच आसपास आहेत. हे एका टीव्हीसाठी. घरात दोन टीव्ही आणि चार फोन एकाच वेळी चालत असतील तर बेरीज करा.

डेटाचा हिशेब सोपा आहे. सलग १५ एमबीपीएस म्हणजे तासाला पावणेसात जीबी, ५ एमबीपीएस म्हणजे सव्वादोन जीबी. मोबाइल हॉटस्पॉटवर बघत असाल तर ॲपमध्ये गुणवत्ता हाताने खाली आणा. नाहीतर ॲप मिळेल तेवढा वेग वापरत राहतं.

वेग १०० एमबीपीएस आहे, तरी चक्र फिरत राहतं. असं का?

कारण १०० चा आकडा राउटरपर्यंतचा आहे. बॉक्सपर्यंत किती पोचतं हा वेगळा प्रश्न. फोन हातात घेऊन राउटरजवळ केलेली चाचणी इथे कामाची नाही. वेगचाचणीचं ॲप बॉक्सवरच चालवा किंवा बॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमधली चाचणी वापरा.

आधी दोष नेटवर्कचा की बॉक्सचा ते ठरवा. त्यासाठी यूट्यूबमध्ये एक चांगली सोय आहे. व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकात जाऊन ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू करा. कोपऱ्यात आकडे दिसतात. ‘बफर हेल्थ’ म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच साठवले आहेत. तो आकडा घसरत शून्याकडे गेला आणि मग चित्र थांबलं, तर दोष नेटवर्कचा. बफर भरपूर आहे, पण ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ भराभर वाढतायत आणि चित्र अडखळतंय, तर नेटवर्क ठीक आहे आणि बॉक्सला तो व्हिडिओ उलगडणं झेपत नाही. हा फरक कळला की निम्मं काम झालं.

नेटवर्कचा दोष असेल तर पुढचं क्रमाने करा. बॉक्स ५ गीगाहर्ट्झच्या वायफायवर आहे का ते बघा. २.४ गीगाहर्ट्झ लांब पोचतं, भिंती ओलांडतं, पण तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. ब्लूटूथ हेडफोन लावल्यावरच चित्र अडकत असेल तर कारण हेच. दोघं एकाच पट्ट्यात भांडत असतात. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देत असेल तर बॉक्स कधीकधी २.४ ला चिकटून बसतो. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या.

नंतर जागा. टीव्हीची पाठ म्हणजे मोठा धातूचा पत्रा, आणि स्टिक नेमकी त्याच्यामागे असते. स्टिकसोबत एक वीतभर एचडीएमआय एक्स्टेंडर येतो, तो बरेच जण खोक्यातच ठेवून देतात. तो लावून स्टिक टीव्हीच्या कडेपर्यंत आणा. सिग्नल सुधारतो आणि स्टिकही कमी तापते. राउटर कपाटात किंवा टीव्हीमागे असेल तर तो बाहेर, उंचावर आणा.

२.४ वरच राहावं लागत असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. बॉक्सला ५ गीगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नसेल तर राउटरवर चॅनल ३६ ते ४८ मधला ठेवा. ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले असतात आणि काही उपकरणं ते वापरतच नाहीत.

एवढं करूनही रोज ठराविक वेळी, म्हणजे संध्याकाळीच अडकत असेल तर घरात त्या वेळी काय चालतं ते पाहा. फोनवरचे फोटो आपोआप क्लाउडवर चढत असतील तर अपलोड भरून जातं आणि डाउनलोडही मंदावतं. तेही नसेल, तर मग इंटरनेट कंपनीला फोन करण्यात अर्थ आहे. फोन करण्याआधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजून ठेवा, म्हणजे ‘तुमचं वायफाय खराब आहे’ असं सांगून कुणी बोळवण करणार नाही.

लॅन केबल लावली तर वेगचाचणीत आकडा कमी आला. मग केबल काढू का?

नका काढू. अनेक बॉक्समध्ये लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, म्हणून चाचणीत ९०–९५ च दिसतात आणि वायफायवर २०० दिसले असतील. पण ४के ला १५–२५ पुरतात. केबलचा फायदा वेगाचा नाही, सातत्याचा आहे. शक्य तिथे केबलच लावा.

बफरिंग नाही, पण कॅमेरा आडवा फिरला की चित्र धक्के खातं.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो आणि टीव्हीला बॉक्स ६० हर्ट्झने चित्र पाठवत असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवली जाते आणि सरकत्या दृश्यात ती लंगड डोळ्याला जाणवते. उपाय म्हणजे फ्रेम रेट जुळवणं. ॲपल टीव्हीत ‘मॅच कंटेंट’मध्ये ‘मॅच फ्रेम रेट’, फायर टीव्हीत ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ आणि नव्या अँड्रॉइड टीव्हीत ‘मॅच कंटेंट फ्रेम रेट’ चालू करा. ॲपचीही साथ लागते, त्यामुळे सगळीकडे परिणाम दिसेलच असं नाही. सिनेमा सुरू होताना एक-दोन सेकंद स्क्रीन काळी होईल. तो बिघाड नाही, टीव्ही नव्या वेगावर जुळवून घेत असतो.

याच्या उलट, सगळं फारच गुळगुळीत आणि मालिकेच्या शूटिंगसारखं दिसत असेल तर टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडा. सिनेमा ज्यांनी बनवला त्यांना जो दिसायला हवा होता, त्याच्या तो सर्वांत जवळचा.

मेनू भडक आणि जुने कार्यक्रम फिकट दिसतात. टीव्ही बिघडला का?

बॉक्स कायम एचडीआरमध्ये चित्र पाठवतोय. साध्या चित्राला जबरदस्तीने एचडीआरच्या साच्यात घातलं की रंग बिघडतात. फायर टीव्हीत ‘ऑलवेज एचडीआर’ऐवजी ‘ॲडॅप्टिव्ह’ निवडा. ॲपल टीव्हीत फॉरमॅट ‘४के एसडीआर’ ठेवून ‘मॅच डायनॅमिक रेंज’ चालू करा.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर तो बॉक्सचा नव्हे, टीव्हीचा प्रश्न. टीव्हीच्या आस्पेक्ट मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ निवडा.

मेनूचा आवाज येतो, पण सिनेमा लावला की आवाज नाही.

बॉक्स डॉल्बी डिजिटल प्लस या सराउंड प्रकारात आवाज पाठवतोय आणि पुढच्या उपकरणाला ते उलगडता येत नाही. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये सराउंड साउंड ‘ऑटो’वरून ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ करा. आवाज लगेच आला तर निदान पक्कं. साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडला असेल तर एवढं माहीत असू द्या, की त्या केबलमधून स्टिरिओ किंवा साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं. डॉल्बी डिजिटल प्लस आणि ॲटमॉस जात नाही. त्यासाठी टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्याच एचडीएमआय पोर्टला साउंडबार लावावा लागतो.

मारामारीचा आवाज घर हादरवतो आणि संवाद मात्र ऐकू येत नाहीत.

५.१ च्या ध्वनीत संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीला दोनच स्पीकर. मग सगळं एकत्र मिसळताना संवाद दबतात. ऑडिओच्या यादीत ५.१ शिवाय नुसतं भाषेचं नाव असलेला ट्रॅक असेल तर तो निवडा, तो बहुधा स्टिरिओ असतो. नसेल तर ‘नाइट मोड’, ‘रिड्यूस लाउड साउंड्स’, ‘डायलॉग बूस्ट’ अशा नावाचं जे काही मिळेल ते चालू करा. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर ही सेटिंग आवर्जून लावून द्या. नुसता आवाज वाढवून त्यांना फायदा होत नाही.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

आवाज आधी येत असेल तर साउंडबार किंवा टीव्हीमध्ये ‘ऑडिओ डिले’ २०–२० मिलिसेकंदांनी वाढवत न्या. आवाज नंतर येत असेल तर विलंब वाढवून भागत नाही, ध्वनीवरची प्रक्रिया कमी करावी लागते. टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पास-थ्रू’ किंवा ‘पीसीएम’ करून पाहा. एकाच ॲपमध्ये होत असेल तर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. ब्लूटूथ हेडफोनवर थोडा विलंब असतोच. बरीच ॲप्स तो सांभाळून घेतात, गेममध्ये मात्र तो जाणवतो.

रिमोट चालत नाही.

रिमोट दोन प्रकारचे. इन्फ्रारेड रिमोट बॉक्सकडे रोखावा लागतो. तो चालतो की नाही हे फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने कळतं. रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, स्क्रीनवर जांभळट ठिणगी दिसली तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड गाळणी असते, म्हणून पुढचा वापरा.

दुसरा ब्लूटूथचा. त्याला रोखावं लागत नाही, पण त्यावरची आवाजाची आणि टीव्ही बंद करण्याची बटणं बहुधा इन्फ्रारेडच असतात. म्हणूनच ‘बाकी सगळं चालतं, फक्त आवाज कमी-जास्त होत नाही’ असं घडतं. रिमोट टीव्हीकडे रोखा, साउंडबार टीव्हीच्या सेन्सरसमोर आला असेल तर बाजूला सरकवा.

पेअरिंग तुटलं असेल तर आधी सेल बदला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात आणि काही रिमोट त्यावर कुरकुरतात. मग फायर टीव्हीच्या रिमोटवर होम १० सेकंद दाबून धरा. गूगल टीव्हीच्या क्रोमकास्टला बॅक आणि होम एकत्र, ॲपल टीव्हीला बॅक आणि आवाज वाढवण्याचं बटण एकत्र, रोकूच्या व्हॉइस रिमोटला सेलच्या कप्प्यातलं किंवा मागचं पेअरिंग बटण.

रिमोट हरवला आणि त्याच सुमारास राउटरही बदलला. आता फोनचं ॲपही बॉक्सला शोधत नाही.

फोनचं रिमोट ॲप चालायला दोघं एकाच वायफायवर लागतात, आणि बॉक्स अजून जुन्या वायफायची वाट बघतोय. दुसऱ्या एखाद्या फोनवर हॉटस्पॉट सुरू करा आणि त्याला जुन्या वायफायचंच नाव आणि पासवर्ड द्या, अक्षरांच्या लहान-मोठेपणासह. बॉक्स ओळखून जोडला जाईल. मग पहिला फोन त्याच हॉटस्पॉटला जोडून ॲपमधून बॉक्सला नवं वायफाय निवडून द्या. टीव्हीत सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालवण्याची सोय) चालू असेल तर टीव्हीच्या रिमोटनेही बॉक्स चालतो. सीईसीला सॅमसंग ‘ॲनीनेट प्लस’, एलजी ‘सिंपलिंक’ आणि सोनी ‘ब्राव्हिया सिंक’ म्हणते.

टीव्ही रात्री आपोआप चालू होतो.

तेही सीईसीच. बॉक्स कशाने तरी जागा होतो आणि टीव्हीलाही उठवतो. बॉक्सच्या सीईसी मेनूत टीव्ही चालू करण्याचा पर्याय तेवढा बंद करा, सगळं सीईसी बंद करण्याची गरज नाही.

बॉक्स दिवसेंदिवस मंद होत चाललाय.

मोकळी जागा १ जीबीच्या खाली जाऊ देऊ नका. न वापरलेली ॲप्स काढा, मोठ्या ॲप्सची कॅश साफ करा. ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ यांत गल्लत करू नका. डेटा साफ केला की लॉगिनही जातं. मुख्य पानावर आपोआप चालणारे व्हिडिओ बंद केले तरी फरक पडतो. आणि रीस्टार्ट करा, म्हणजे सेटिंगमधून रीस्टार्ट किंवा अडॅप्टर काढून अर्ध्या मिनिटाने परत लावणं. रिमोटचं पॉवर बटण बॉक्सला फक्त झोपवतं, त्यामुळे महिनोन् महिने तो खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो.

फोनवरून कास्ट करताना टीव्ही यादीत दिसत नाही.

फोन मोबाइल डेटावर किंवा गेस्ट वायफायवर असेल. गेस्ट नेटवर्कमध्ये उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच रचना असते. राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ असेल तर बंद करा. फोनवरचा व्हीपीएन बंद करा. आयफोनवर त्या ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी आहे का ते बघा.

कास्ट आणि मिररिंग वेगळं. कास्टमध्ये बॉक्स व्हिडिओ स्वतः इंटरनेटवरून आणतो आणि फोन मोकळा राहतो. मिररिंगमध्ये फोनची स्क्रीन जशीच्या तशी जाते. त्यात सशुल्क सिनेमा काळा दिसला तर ते कुलपाचं काम आहे, बिघाड नाही.

पेनड्राइव्हवरचा सिनेमा चालत नाही.

फॅट३२ फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस सगळेच बॉक्स वाचत नाहीत, माहितीपुस्तिका बघून ठरवा. चित्र येतं पण आवाज नाही, तर ध्वनी डीटीएस या प्रकारात असेल. बॉक्सकडे त्याचा परवाना नसतो. व्हीएलसी किंवा कोडी या ॲपमध्ये उघडा, ती स्वतः उलगडतात. हार्ड डिस्क टकटक करत बंद पडत असेल तर वीज अपुरी आहे, स्वतंत्र अडॅप्टरचा यूएसबी हब लावा.

जुन्या, एचडीएमआय नसलेल्या टीव्हीला जोडता येईल का?

येईल. ‘एचडीएमआय टू एव्ही’ कन्व्हर्टर लागतो. ‘एव्ही टू एचडीएमआय’ हा नेमका उलटा आणि दिसायला हुबेहूब, घेताना नीट वाचा. कन्व्हर्टरला वेगळी ५ व्होल्ट वीज द्यावी लागते. चित्र काळंपांढरं आलं तर त्याच्यावरचं पाल-एनटीएससी बटण सरकवा. अक्षरं पुसट दिसणारच, आणि काही सशुल्क ॲप्स अशा कन्व्हर्टरवर चालायला नकार देतात.

मुलांसाठी काय काय बंद करावं?

तीन ठिकाणी कुलूप लागतं. बॉक्सवर पिन, प्रत्येक ॲपमध्ये मुलांचं वेगळं प्रोफाइल आणि मोठ्यांच्या प्रोफाइललाही पिन. तिसरं विसरलं की पहिली दोन फुकट. खरेदीसाठीचा पिन वेगळा असतो, तो पहिल्याच दिवशी लावा.

‘सगळे चॅनल, सगळे सिनेमे फुकट’ म्हणणारा बॉक्स घ्यावा का?

घेऊ नका. बेकायदा असण्याचा मुद्दा आहेच, पण त्याहून जवळचा धोका तुमच्या घरातल्या नेटवर्कला आहे. अशा काही अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातूनच मालवेअर घातलेलं असल्याचं सुरक्षा संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं. त्या जाळ्याला ‘बॅडबॉक्स’ हे नाव पडलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल जाहीर इशारा दिला. असा बॉक्स तुमच्या इंटरनेटचा पत्ता वापरून परक्यांची कामं करतो, आणि टीव्ही बघताना तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खुणा ओळखा. कंपनीचं नाव कुठेच आढळत नाही, ॲप्स अनोळखी दुकानातून घ्यायला लावतात, ॲप्समधलं मालवेअर तपासणारं गूगल प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतात. अशा बॉक्सला फॅक्टरी रीसेट करून उपयोग नाही, कारण दोष मूळ सॉफ्टवेअरमध्येच असतो. तो नेटवर्कवरून काढा आणि त्यावर टाकलेल्या खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. चांगल्या बॉक्सवरही बाहेरून ॲप टाकायला ‘अननोन सोर्सेस’ चालू केलं असेल, तर काम झाल्यावर आठवणीने बंद करा.

वायफाय जोडलेलं आहे, तरी एकही ॲप लॉगिन होत नाही.

बॉक्सची तारीख-वेळ बघा. ती चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रं मुदतबाह्य वाटतात आणि प्रत्येक ॲप नकार देतं. वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा, टाइम झोन बरोबर आहे का तेही बघा.

बॉक्स दुसऱ्याला देण्याआधी काय करावं?

फॅक्टरी रीसेट करा. मग फोन किंवा संगणकावरून प्रत्येक सेवेच्या उपकरणांच्या यादीत जाऊन तो बॉक्स काढून टाका, आणि ज्या खात्याला तो नोंदवला आहे त्या खात्यातूनही काढा. नाहीतर नव्या मालकाला नोंदणी करताना अडचण येऊ शकते. सोबत मूळ अडॅप्टर, एचडीएमआय एक्स्टेंडर आणि रिमोट द्या, सेल मात्र काढून.